आई-वडील भारतात, नोकरी अमेरिकेत: सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी पहिल्यांदा अर्ज करताना

अमेरिकेचं नागरिकत्व हातात पडलं की नोकरीच्या जाहिराती वेगळ्या दिसायला लागतात. ‘सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) आवश्यक’ असं लिहिलेल्या जागा आतापर्यंत आपण वाचायच्याही सोडून देत होतो. आता त्यांना अर्ज करता येतो. पण लगेच शंका येते: आई-वडील साताऱ्याला, भाऊ पुण्यात, वहिनी सरकारी नोकरीत, आपल्याला कोण क्लिअरन्स देणार? बरेच जण इथेच माघार घेतात. काही जण उलट टोकाला जातात आणि ‘कशाला एवढं सगळं सांगायचं’ म्हणून अर्जात अर्धंच लिहितात. मला दोन्हींचं वाईट वाटतं. पहिल्या गटाला नियम नीट कळलेले नसतात. दुसरा गट मिळू शकणारी गोष्ट स्वतःच्या हाताने घालवतो.

पुढे लिहिलंय ते नव्याने अमेरिकन नागरिक झालेल्या आणि घरचं गणगोत भारतात असलेल्या मराठी माणसासाठी आहे. हा कायदेशीर सल्ला नाही. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर या विषयातला वकील गाठावा.

नियम काय विचारतो

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे अमेरिकन सरकारच्या ‘सीड-४’ या सुरक्षाविषयक निर्देशातल्या तेरा निकषांवर ठरतं. तो ८ जून २०१७ पासून लागू आहे. निकषांना इंग्रजी अक्षरांनुसार ए ते एम अशी नावं आहेत. परदेशातल्या नातेवाइकांचा विषय ‘गाईडलाईन बी’ मध्ये, म्हणजे परकीय प्रभावाच्या निकषात येतो. दुहेरी नागरिकत्वासारख्या गोष्टी ‘गाईडलाईन सी’ मध्ये येतात.

गाईडलाईन बी नीट वाचली तर त्यात कुठेही परदेशात नातेवाईक असणं हा दोष म्हटलेला नाही. तिथे ‘वाढीव धोका’ असे शब्द आहेत. तुमच्या माणसांना हाताशी धरून कोणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का? त्यांना धमकावून, आमिष दाखवून किंवा नुसतं गोड बोलून तुमच्याकडून माहिती काढता येईल का? आणि दोन देशांपैकी एकाची बाजू घ्यायची वेळ आली तर तुम्ही कात्रीत सापडाल का? सगळी तपासणी या प्रश्नांभोवती फिरते. म्हणून ‘माझे आई-वडील साधी माणसं आहेत’ एवढं सांगून भागत नाही. ती साधी माणसं कुठे राहतात, कोणाच्या पगारावर किंवा पेन्शनवर जगतात, तुमच्यावर किती अवलंबून आहेत, हे सांगावं लागतं.

देश कोणता, याला मोठं वजन आहे. चीन, रशिया किंवा इराणमध्ये जवळचे नातेवाईक असतील तर अर्जदारावरचं ओझं फार जड होतं. भारत लोकशाही देश आहे, अमेरिकेशी त्याचे संबंध चांगले आहेत, त्यामुळे आपलं प्रकरण तुलनेने सोपं असतं. पण आपोआप सुटणारं नसतं. संरक्षण खात्याच्या ‘डोहा’ या सुनावणी कार्यालयाचे निकाल नावं काढून जाहीर केले जातात. त्यात भारताच्या बाबतीत दहशतवादी कारवाया, काश्मीरमधली परिस्थिती अशा गोष्टींची दखल घेतलेली आढळते. मित्रदेशांचे हितसंबंधही वेगळे असू शकतात, हे तत्त्व त्या निकालांमध्ये पक्कं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी धरा. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात सांगितलं की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, आणि शंका उरलीच तर निर्णय नकाराकडे झुकावा. म्हणजे ‘माझ्याविरुद्ध पुरावा कुठे आहे?’ ही भूमिका इथे चालत नाही. शंका दूर करायचं काम तुमचं.

अर्ज कोण करतं

स्वतःहून अर्ज करून क्लिअरन्स काढता येत नाही. आधी नोकरी देऊ करणारी कंपनी किंवा सरकारी खातं लागतं आणि तेच तुमचं नाव पुढे पाठवतं. ग्रीन कार्डावर क्लिअरन्स मिळत नाही, नागरिकत्व लागतं. क्लिअरन्स देतो म्हणून तुमच्याकडे पैसे मागणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका. तपासणीचा खर्च सरकार करतं.

कंपनीत तुमचा संबंध येतो तो एफएसओशी, म्हणजे सुरक्षाविषयक काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी. पहिल्याच दिवशी त्यांचा नंबर जवळ ठेवा. ‘हे लिहू की नको?’ असा प्रश्न पडला की ऑफिसातल्या मित्राला न विचारता त्यांना विचारा.

अर्जाचं नाव एसएफ-८६. तो ऑनलाइन भरायचा असतो. बहुतेक तपासण्या संरक्षण खात्याची डीसीएसए ही संस्था करते. अर्जाच्या जागी नवी प्रश्नावली आणायचं काम सुरू आहे, त्यामुळे खाली दिलेले विभागांचे क्रमांक बदलू शकतात. प्रश्नांचा रोख तोच राहतो.

पासपोर्ट आणि ओसीआय

विभाग १० मध्ये विचारतात, तुमच्याकडे कधी दुहेरी नागरिकत्व होतं का, दुसऱ्या देशाने कधी पासपोर्ट दिला होता का. ‘कधी’ हा शब्द महत्त्वाचा. भारतीय पासपोर्ट तुम्ही रीतसर परत केला असला, त्यावर रद्दचा शिक्का बसला असला, तरी पासपोर्टच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. सरेंडर सर्टिफिकेटची प्रत जवळ ठेवा. ते अजून काढलं नसेल तर अर्जाआधी काढून घ्या.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे, पण त्यावर मतदान करता येत नाही, भारतीय पासपोर्ट मिळत नाही. व्यवहारात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. तपास अधिकाऱ्याला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका. कार्ड आहे हे टिप्पणीच्या जागेत लिहा, कशासाठी घेतलं ते एका ओळीत सांगा. कार्ड लपवलं तर नसलेल्या गोष्टीचा संशय तयार होतो.

मतदानाचाही प्रश्न असतो: दुसऱ्या देशाच्या निवडणुकीत कधी मत दिलं का? भारतीय नागरिक असताना विधानसभेला किंवा लोकसभेला मत दिलं असेल तर ‘हो’ लिहा आणि पुढे लिहा की त्या वेळी मी भारतीय नागरिक होतो. यात घाबरण्यासारखं काही नाही.

नातेवाइकांची यादी

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या. विभाग १८ मध्ये आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं, सासू, सासरे यांची माहिती लागते. सावत्र नातीही त्यात येतात. हयात नसलेल्यांचीही लागते. जन्मतारीख, जन्मगाव, नागरिकत्व आणि वापरलेली सगळी नावं. परदेशात राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या बाबतीत पत्ता, नोकरी, तुमचा संपर्क किती आणि कसा होतो, आणि त्यांचा कुठल्याही परकीय सरकारशी, लष्कराशी, संरक्षण उद्योगाशी किंवा गुप्तचर यंत्रणेशी संबंध आहे का, हेही सांगावं लागतं.

आपल्या घरांमध्ये ही माहिती सरळ कधीच नसते. आईचं माहेरचं नाव सुमन, सासरी आल्यावर सुनीता, आधारवर एक स्पेलिंग आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं. अशी सगळी नावं लिहायची. वडिलांच्या पिढीत कित्येकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहून टाकली. कागदपत्रांवर जी तारीख आहे ती द्या, खरी तारीख नक्की माहीत नसेल तर अंदाजाची खूण करा आणि टिप्पणीत कारण लिहा. गावांची नावं बदललीत: पासपोर्टवर औरंगाबाद, आजच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर, जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद, आता धाराशिव. दोन्ही नावं लिहिली की तपासणाऱ्याला दोन वेगळी गावं वाटत नाहीत.

मग नोकरीचा प्रश्न. ‘घरात कोणी सरकारी नाही’ असं आपण सहज म्हणतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर कलेक्टर किंवा पोलीस असतो. पण अर्जाच्या दृष्टीने जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी बहीण ही परकीय सरकारची कर्मचारी आहे. महावितरणमधून निवृत्त झालेले वडील, सरकारी रुग्णालयातली नर्स असलेली सासू, एसटीतला भाऊ, सगळ्यांचं स्वच्छ लिहायचं. शिक्षिका किंवा नर्स असलेल्या नातेवाइकामुळे सहसा काही अडत नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्या वडिलांबद्दल हुद्दा, शाखा आणि निवृत्तीचं वर्ष द्या. भाऊ डीआरडीओत, इस्रोत किंवा आयुध निर्माणीत असेल तर चौकशी नक्की होणार, तिची तयारी ठेवा. त्याचं काम नेमकं काय हे तुम्हाला माहीत नसेल तर तसंच लिहा. अर्ज भरण्यापुरती त्याच्याकडून कामाची खोलात माहिती काढायला जाऊ नका. ती माहिती तुमच्याकडे नसणंच तुमच्या आणि त्याच्याही सोयीचं.

विभाग १९ हा परदेशी संपर्कांचा. मागच्या सात वर्षांत ज्यांच्याशी तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा जवळचा किंवा सततचा संबंध आहे, आणि तो जिव्हाळा, प्रभाव, समान हित किंवा बांधिलकीचा आहे, असे परदेशी नागरिक इथे येतात. विभाग १८ मध्ये न आलेले नातेवाईकही यातच. इथे आपली पंचाईत होते. चाळीस माणसांचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप, रोज शुभ सकाळचे संदेश, गणपतीचे फोटो. सगळ्यांना लिहायचं का? माझ्या मते ग्रुपमध्ये असणं म्हणजे जवळचा संबंध नव्हे. स्वतःला विचारा: उद्या या माणसाचा रात्री दोन वाजता फोन आला, अडचणीत आहे म्हणाला, तर मी पैसे पाठवीन का, विमान पकडीन का? उत्तर ‘हो’ असेल तर नाव यादीत जायला हवं. ज्या मावशीने लहानपणी सांभाळलं ती, दर रविवारी बोलतो तो शाळेतला मित्र, जोडीदाराचा सख्खा भाऊ, अशी नावं मग आपोआप पुढे येतात. वर्षातून एकदा दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणारा चुलत मामा मागे राहतो. शंका असेल तर लिहा. जास्त लिहिल्याने चौकशी थोडी लांबते. कमी लिहिलेलं नंतर उघड झालं तर प्रकरण गाईडलाईन ई वर, म्हणजे प्रामाणिकपणाच्या निकषावर जातं, आणि तिथून परत येणं फार अवघड असतं. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जमीन, खाती, घरी पाठवलेले पैसे

विभाग २० मध्ये परदेशातली मालमत्ता आणि आर्थिक हितसंबंध येतात. तुमचे, जोडीदाराचे आणि अवलंबून असलेल्या मुलांचे. एनआरई आणि एनआरओ खाती, मुदत ठेवी, पीपीएफ, शेअर, म्युच्युअल फंड, आणि ज्या खात्यावर वडिलांबरोबर तुमचंही नाव आहे ते संयुक्त खातं. ‘ते बाबांचंच आहे, माझं फक्त नाव आहे’ हे टिप्पणीत लिहायचं, पण खातं गाळायचं नाही.

जमिनीचं तर विचारूच नका. आजोबा गेले, वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला आणि सात-बाऱ्यावर चार भावंडांबरोबर तुमचं नाव चढलं. तुम्ही त्या शेताचा बांध वीस वर्षांत पाहिला नसेल, कसतो चुलतभाऊ, पीक तोच घेतो. तरीही अमेरिकन अर्जात ती तुमची परदेशातली मालमत्ता आहे. अर्ज भरायच्या आधी महाभूलेखवर सात-बारा काढून बघा, नाव आहे का, कोणत्या हिश्श्याने आहे. तुमच्या हिश्श्याची अंदाजे किंमत डॉलरमध्ये लिहा, वारसाने मिळाली असं लिहा. अर्ज पुढे मिळण्याची अपेक्षा असलेल्या स्थावर मालमत्तेबद्दलही विचारतो, त्यामुळे एकुलत्या एका मुलाने आई-वडिलांच्या फ्लॅटचाही उल्लेख करावा.

घाईघाईत हक्कसोडपत्र करून नाव काढायला धावू नका. प्रश्न ‘कधी होती का’ असाही असतो, त्यामुळे नाव काढूनही ती लिहावीच लागते, आणि अर्जाच्या तोंडावर केलेला व्यवहार उगाच नजरेत येतो. भारतातली मालमत्ता तुमच्या इथल्या मालमत्तेच्या मानाने किती, हे खरं महत्त्वाचं. इथे घर आहे, निवृत्तीची बचत आहे, नोकरी आहे, मुलं इथल्या शाळेत आहेत आणि तिकडे दोन एकरांतला चौथा हिस्सा आहे, हे चित्र आकड्यांत दाखवता आलं की शंका बरीच हलकी होते. गाईडलाईन बी मध्येच याची सोय आहे: अमेरिकेतली नाती आणि निष्ठा इतकी खोल असतील की माणूस अमेरिकेच्याच हिताची बाजू घेईल, तर धोका कमी धरला जातो.

घरी पैसे पाठवता ते लिहा. महिन्याला किती, कोणाला, कशासाठी. आईच्या औषधांचे पैसे पाठवणं हे कोणालाही समजतं.

एक गोष्ट अर्जाआधीच निस्तरा. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा अहवाल, भरणं बंधनकारक आहे. आपल्याकडचे बरेच जण हे वर्षानुवर्षं विसरतात. खातं एसएफ-८६ मध्ये दाखवलं आणि एफबार भरलेला नसला तर नातेवाइकांच्या प्रश्नाला आर्थिक शिस्तीचा नवा प्रश्न चिकटतो. भारतीय खात्यांची माहिती असलेल्या सीपीएकडून (अमेरिकेतल्या परवानाधारक हिशेबनीसाकडून) मागचं दुरुस्त करून घ्या, मगच अर्जाला हात घाला.

प्रवास आणि मुलाखत

मागच्या सात वर्षांतले परदेश प्रवास तारखांसह लागतात. जुने-नवे पासपोर्ट आणि ईमेलमधली तिकिटं समोर घेऊन बसा. नागरिक होण्यापूर्वीच्या काही नोंदी आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत आल्या-गेल्याच्या नोंदींच्या, सरकारी संकेतस्थळावर सापडतात. भारतातून येताना दुबईत दोन दिवस राहिलात तर दुबईही लिहायची.

नंतर तपास अधिकारी भेटतो. आईशी किती वेळा बोलता, तुम्ही काय काम करता हे घरच्यांना माहीत आहे का, त्यांच्यावर कोणी दबाव आणला तर काय कराल, असे प्रश्न असतात. शेवटच्या प्रश्नाचा आधी शांतपणे विचार करून ठेवा. ‘असं कधी होणारच नाही’ हे उत्तर कच्चं आहे. असा प्रकार घडला तर एफएसओला आणि एफबीआयला लगेच कळवणं हाच मार्ग आहे, आणि तुम्हाला तो खरोखर मान्य असायला हवा. अर्जात काही राहिलं असेल तर मुलाखतीत तुम्हीच आधी सांगा. विचारल्यावर सांगितलेलं तितकं चांगलं दिसत नाही.

घरच्यांशीही बोलून ठेवा. आई-वडिलांना एवढंच सांगा की नोकरीसाठी माझी माहिती तपासली जातेय, गावभर चर्चा नको. नात्यातल्या लग्नात काकांनी कौतुकाने ‘आमचा पोरगा अमेरिकेच्या संरक्षण खात्यात’ असं सांगत फिरणं टाळलेलं बरं.

शंका उरली तर

कंपनीमार्फत अर्ज केलेल्या माणसाच्या बाबतीत सरकारला शंका उरली तर ‘एसओआर’, म्हणजे आक्षेपांची कारणं सांगणारं पत्र, येतं. त्यात प्रत्येक आक्षेप क्रमांकाने मांडलेला असतो: अर्जदाराची आई भारताची नागरिक व रहिवासी आहे, वगैरे. वाचून पोटात गोळा येतो, पण हा नकार नाही. उत्तराला साधारण वीस दिवस मिळतात. प्रत्येक मुद्दा मान्य की अमान्य ते लिहायचं, कारण द्यायचं, आणि सुनावणी हवी की कागदपत्रांवर निर्णय हवा ते सांगायचं. माझं मत सुनावणीच्या बाजूने आहे. नाती कागदावर कोरडी दिसतात. न्यायाधीशासमोर तुम्ही, तुमचा जोडीदार, तुमचे इथले सहकारी बोलले की माणूस दिसतो. एवढ्यासाठी मात्र वकील घ्याच. नकार अंतिम झाला तर साधारण वर्षभराने पुन्हा प्रयत्न करता येतो.

मिळाल्यानंतर

क्लिअरन्स मिळाल्यावर कळवायचं बंधन सुरू होतं. ‘सीड-३’ हा निर्देश १२ जून २०१७ पासून त्यासाठी आहे. परदेश प्रवास जाण्याआधी कळवायचा, नवे जवळचे परदेशी संपर्क कळवायचे. बाकी काय काय कळवायचं हे क्लिअरन्सच्या पातळीनुसार बदलतं, ती यादी एफएसओकडून लेखी मागून घ्या. ओसीआय काढायचं असेल, पुण्यात फ्लॅट घ्यायचा असेल, धाकट्या भावाला संरक्षण क्षेत्रात नोकरी लागली असेल, तर आधी त्यांच्याशी बोला.

आणि रात्री फोन आला की बाबांना आयसीयूत हलवलंय, तर तिकीट काढा आणि जा. अशा तातडीच्या प्रवासाची नियमात सोय आहे: विमानात बसण्यापूर्वी वरिष्ठांना किंवा एफएसओला निदान तोंडी कळवायचं, कुठे आणि का चाललोय ते सांगायचं, आणि परतल्यावर कामाच्या पाच दिवसांत संपूर्ण माहिती भरून द्यायची.